धावगटाचा फायदा कागदावर कसा आणायचा?

चालपळ

आमचा एक रनिंग ग्रुप आहे. फी नाही, अट नाही, आठवड्यातून तीनदा भेटतो. नवशिक्यांसाठी नऊ आठवड्यांची बॅच असते: आधी जास्त चालणं आणि थोडं पळणं, मग हळूहळू उलट, आणि शेवटी सलग पाच किलोमीटर. (साचा आमचा नाही. जॉश क्लार्क याने १९९६ मध्ये आपल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून 'काउच टू फाइव्ह के' बनवलं, त्यावरूनच घेतलाय.)

ज्या संस्थेचं मैदान आम्ही वापरतो तिने आता विचारलंय की या उपक्रमाचा लोकांना नेमका फायदा काय होतो, ते आकड्यांत द्या. मागणी रास्त आहे. पण आमच्याकडे आहे काय, तर एक हजेरीची वही आणि शेवटच्या दिवशीच्या पाच किलोमीटरच्या वेळा. ग्रुपमधल्या दोघांचं म्हणणं, पहिल्या दिवशी सगळ्यांना वजनकाट्यावर उभं करा, शेवटच्या दिवशी पुन्हा करा, फरक लिहा, झालं. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही.

तर जाणकारांनो: काय मोजावं? बिनपैशात, मोजक्या स्वयंसेवकांच्या जिवावर कसं मोजावं? आणि "इथे माणसं जोडली जातात" हे आम्ही सगळे छातीठोकपणे सांगतो, ते मोजता येतं का? प्रबंध लिहायचा नाहीये. पण धूळफेकही करायची नाही.

जुना_बूट

मोजायचं कशाला म्हणतो मी! पळून आल्यावर माणूस हसतोय की नाही बघा आणि घरी जा. एकदा फॉर्म आले की पळणं बाजूला राहतं आणि कागदी घोडे पुढे जातात.

आकडेमोड

बूटराव, हसणारे तुम्हाला दिसतात कारण ते आलेत. जे तिसऱ्या आठवड्यात यायचे बंद झाले ते हसतायत की नाही, हे मैदानावर उभं राहून कसं कळणार? सगळी गोम तिथेच आहे.

चालपळ, एक हिशेब करून दाखवतो. आकडे मनचे आहेत, पण असं घडतं. समजा ४० जणांनी नावं दिली. पहिल्या दिवशी सगळ्यांना मनःस्वास्थ्याची साधी प्रश्नावली दिली, १०० पैकी गुण. सरासरी आली ४८. नवव्या आठवड्यात २२ जण उरले. त्यांची सरासरी ६०. अहवालात लिहिलं जातं: "४८ वरून ६०, बारा गुणांची वाढ!" टाळ्या.

आता वही उघडा आणि त्या २२ जणांचेच पहिल्या दिवशीचे गुण काढा. ते निघाले ५६. म्हणजे खरी वाढ चार गुणांची. मग बाकीचे आठ गुण कुठून आले? सोडून गेलेल्या १८ जणांची सुरुवातीची सरासरी काढलीत तर ती ३८ च्या आसपास येते. ज्यांची अवस्था आधीच बिकट होती तेच गळाले, आणि त्यांच्या जाण्यानेच आपली सरासरी वर गेली. कार्यक्रमाचं अपयश यशाच्या रकान्यात जमा झालं.

म्हणून माझा पहिला नियम: जो आकडा द्याल तो "नाव दिलेल्यांपैकी किती" असा द्या, "उरलेल्यांपैकी" असा नको. आणि आधी-नंतरची तुलना त्याच माणसांची करा.

दुसरी गोष्ट. माणूस अशा बॅचला नाव कधी देतो? बरेचदा अगदी तळाला असताना. डॉक्टरांनी दम दिलेला असतो, जिना चढताना धाप लागलेली असते, मन उदास असतं. तळाला असलेला माणूस काहीही न करता थोडा वर येतोच. फ्रान्सिस गॉल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात उंच आईबापांच्या मुलांची उंची मोजताना हे सरासरीकडे झुकणं दाखवलं होतं. त्यात ऋतू बदलतो, कामाचा ताण बदलतो. हे सगळं ग्रुपच्या खात्यावर टाकायचं का?

यावर बिनपैशाचा उपाय आहे. नावं जास्त आली की चिठ्ठ्या टाकून दोन बॅच करा. पहिली आत्ता सुरू करा, दुसरी नऊ आठवड्यांनी. दोघींची मापं मात्र आत्ताच घ्या आणि नऊ आठवड्यांनी पुन्हा घ्या. दुसरी बॅच तोवर पळालेलीच नसेल, त्यामुळे नुसत्या काळाने किती फरक पडतो ते तिच्यात दिसेल. कुणाला कायमचं वगळायचं नाही, फक्त थांबायला लावायचं. एवढं केलंत तरी तुमचा अहवाल भल्याभल्यांपेक्षा बरा ठरेल.

नाडी

आकडेमोड यांच्याशी सहमत. पेशाने डॉक्टर आहे, म्हणून शरीराच्या बाजूने लिहिते.

वजनकाटा नको. नऊ आठवड्यांत वजन फारसं हलत नाही, आणि हललं तरी ते खाण्यामुळे की पळण्यामुळे हे सांगता येत नाही. उलट ज्यांना धावण्याचा खरा फायदा झालाय त्यांनाच काट्यावर "काही झालं नाही" असं वाचायला मिळतं.

काय हलतं ते बघू. चालण्याच्या गटांवरच्या अभ्यासांचा एक चांगला एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला होता. ४२ अभ्यास, १८४३ माणसं. वरचा रक्तदाब सरासरी ३.७ ने खाली, खालचा ३.१ ने, विश्रांतीची नाडी मिनिटाला जवळजवळ तीन ठोक्यांनी कमी, दमसास वाढलेला, नैराश्याचे गुण घटलेले. आणि साधारण तीन चतुर्थांश लोक टिकले. हे पळणं नाही, चालणं आहे, तरीही. तीन-चार पॉइंटांचा रक्तदाब एका माणसाला जाणवणारही नाही, पण एवढा फरक हजारो लोकांमध्ये पडला तर झटक्यांची संख्या कमी होते. म्हणून तुमच्या तीस-चाळीस जणांत तो दिसलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. यंत्राची आणि मोजणाऱ्याची चूकच तेवढी असते.

माझी निवड: विश्रांतीची नाडी. पैसे लागत नाहीत. सकाळी जाग आल्यावर, उठायच्या आधी, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, एक ठोका चुकला की चार चुकतात. तीन सकाळी मोजा, मधला आकडा लिहा. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसं शेजारी लिहा, नाहीतर तो आकडा फसवेल.

दमसासासाठी कूपरची बारा मिनिटांची चाचणी (१९६८ ची, लष्करासाठी केलेली) नवशिक्यांना देऊ नका. तिथे जीव तोडून पळायचं असतं आणि पहिल्या दिवशी तेच नको असतं. त्याऐवजी एक ठरलेला किलोमीटर घ्या. बोलता येईल एवढ्याच वेगाने जायचं, चालत गेलात तरी चालेल. संपल्यावर लगेच नाडी, आणि बरोबर एक मिनिटाने पुन्हा. एका मिनिटात ती किती खाली येते हा तुमचा आकडा. नऊ आठवड्यांनी तोच रस्ता, शक्यतो तीच वेळ, तसंच हवामान.

आणि दुखापती लिहा! कुणीच लिहीत नाही. २०१५ च्या एका आढाव्यात नवशिक्या धावपटूंमध्ये दर १००० तासांमागे १७.८ दुखापती आढळल्या, नेहमी धावणाऱ्यांत ७.७. तुमचा हिशेब करा: ३० जण, आठवड्याला तीनदा, अर्धा तास, नऊ आठवडे म्हणजे ४०५ तास. सात दुखापती अपेक्षित आहेत. अहवालात शून्य लिहिलंत तर मी म्हणेन की ज्यांना झाल्या ते सांगायला थांबलेच नाहीत.

मुंगी

मी त्या १८ मधली. म्हणजे या ग्रुपमधली नाही, वेगळ्या एका, पण सोडून गेलेलीच.

पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वजन केलं होतं आणि आकडा मोठ्याने वाचून दुसऱ्याने लिहून घेतला. वाचणाऱ्याच्या मनात काही नव्हतं हो, तो लिहिणाऱ्यासाठीच ओरडत होता. पण मी पुन्हा गेले नाही. त्यांच्या वहीत मी "अनियमित" म्हणून असेन.

सांगायचा मुद्दा, मोजमापाने कार्यक्रम बदलतो. तुम्ही जे मोजता ते लोकांना कळतं. वेळ मोजलीत तर कळतं की इथे वेगाला मान आहे. वजन मोजलंत तर कळतं की आपलं काय चुकलंय. मग जी माणसं उरतात ती त्या मापात बसणारी उरतात.

आता जाते तो ग्रुप मला आवडतो कारण तिथे शेवटी एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो. त्यामुळे शेवटची मी कधीच नसते.

चालपळ

मुंगीताई, हेच मला सांगता येत नव्हतं. वजनकाटा रद्द. दोघांना तुमचा प्रतिसाद वाचायला पाठवलाय.

पायवाट

मागे चालणारा स्वयंसेवक ही पद्धत पार्करनने (दर शनिवारी बागांमध्ये भरणारी पाच किलोमीटरची मोफत धाव) जगभर नेली. त्यांची गोष्ट इथे उपयोगी आहे. ऑक्टोबर २००४, लंडनचं बुशी पार्क, पॉल सिंटन-ह्यूइट स्वतः जखमी असल्याने पळू शकत नव्हता, म्हणून त्याने मित्रांसाठी शनिवारची पाच किलोमीटरची धाव भरवली. १३ जण आले. क्रमांकासाठी टोकन म्हणून लोखंडी वॉशर वापरले होते, त्यावर आकडे ठोकलेले. सुरुवातीला ती सरळसरळ वेळेविरुद्धची शर्यतच होती आणि येणारे बहुतेक मुरलेले धावपटू होते. २००५ मध्ये सरासरी वेळ २२ मिनिटांच्या आसपास होती. आज ती ३० मिनिटांच्या पुढे गेलीय.

बाहेरच्या माणसाला वाटेल, वीस वर्षांत कार्यक्रम बिघडला, लोक मंदावले. पण त्यांच्याकडे हा आकडा अभिमानाने सांगतात. सरासरी मंदावली कारण आधी जे कधीच आले नसते ते येऊ लागले. २०२४ मध्ये तर त्यांनी वेगाचे काही विक्रम आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले. त्यावर बराच गदारोळ झाला, तो वेगळा विषय.

तेव्हा चालपळ, तुमच्या बॅचची सरासरी वेळ दरवर्षी सुधारत असेल तर आधी काळजी करा. कदाचित तुम्ही आधीच तंदुरुस्त असलेल्यांना गोळा करत असाल. ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ मध्ये लिहिलं होतं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथेच कमी पोचते. धावण्याच्या गटांना ते तंतोतंत लागू पडतं. म्हणून नोंदणीच्या फॉर्मवर एक प्रश्न असायलाच हवा: "गेल्या महिन्यात आठवड्यातले किती दिवस अर्धा तास तरी दम लागेल असं काही केलंत?" उत्तर शून्य किंवा एक असणाऱ्यांचं प्रमाण हा तुमच्या अहवालातला पहिला आकडा. फायदा किती झाला हा पुढचा प्रश्न, आधी कुणाला झाला ते सांगा.

आकडेमोड

+१. फक्त एवढं लक्षात ठेवा की व्यायामाबद्दल लोक सढळ हाताने सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगितलाय. प्रश्नावलीत निम्मं जग ते करत असतं, यंत्र बांधलं की आकडा झपकन खाली येतो. पण आधी आणि नंतर सारखंच फुगवून सांगितलं तर फरक काढताना फुगवटा बराचसा वजा होतो. त्यामुळे प्रश्न एकदा ठरला की त्यातला शब्दही बदलू नका.

जुना_बूट

एक विचारू का? हे सगळं "पळण्याचा" फायदा मोजतंय. ग्रुपचा कुठे? माणूस एकटा पळाला असता तरी नाडी उतरली असतीच की.

आकडेमोड

हा प्रश्न लाखमोलाचा, आणि तो तुम्ही विचारावा याची गंमत वाटली. :)

धावण्याच्या फायद्याबद्दल आता फारसा वाद नाही. २०१४ मध्ये ५५ हजारांवर लोकांचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला: धावणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी, हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा ४५ टक्क्यांनी. दिवसाला पाच-दहा मिनिटं सावकाश पळणाऱ्यांतही फरक दिसला. पुढे १४ अभ्यास एकत्र केले तेव्हा २७ टक्के निघाले, आणि जास्त पळाल्याने जास्त फायदा असंही ठळकपणे दिसलं नाही. (हे निरीक्षणावरचे अभ्यास आहेत, निरोगी माणसंच जास्त पळतात हा भाग त्यातून पूर्ण वजा होत नाही.)

त्यामुळे धावणं चांगलं हे तुम्ही नव्याने सिद्ध करायची गरजच नाही. तीस माणसांच्या जोरावर ते होणारही नाही. तुम्ही दाखवायचं ते एवढंच की जी माणसं पळत नव्हती ती पळायला लागली आणि टिकली. पुढचं काम त्या मोठ्या अभ्यासांवर सोडा. ग्रुपचं खरं योगदान असलंच तर ते टिकण्यात आहे.

नाडी

टिकण्याबद्दल अ‍ॅमस्टरडॅमचा एक अभ्यास, २०२३. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असलेले १४१ रुग्ण. औषधाच्या गोळ्या की देखरेखीखाली गटाने धावणं, हे बहुतेकांनी स्वतःच निवडलं. ४५ जण गोळ्यांकडे गेले, ९६ धावण्याकडे. सोळा आठवड्यांनी दोन्हीकडे साधारण ४४ टक्के बरे झाले. शरीराची मापं धावणाऱ्यांची सुधारली, गोळ्यांवाल्यांची किंचित बिघडली.

बातम्यांत एवढंच आलं. पण गोळ्या घेणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांनी उपचार ठरल्याप्रमाणे पाळले, धावणाऱ्यांपैकी फक्त ५२ टक्क्यांनी. आवडीने निवडूनही, गट आणि देखरेख असूनही, जवळपास निम्म्यांना ठरलेलं पाळता आलं नाही. म्हणून तुमचे ४० पैकी २२ उरले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. लपवलंत तर मात्र आहे. आणि हे वाचून कुणी चालू गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

पायवाट

बूटरावांच्या प्रश्नाला थेट भिडणारा एक अभ्यास आहे, माझा लाडका. सिनान अराल आणि क्रिस्टोस निकोलाइड्स, २०१७. धावण्याच्या नोंदी आपोआप टाकणाऱ्या जाळ्यावरचे ११ लाख लोक, पाच वर्षांच्या नोंदी. मित्र पळतो म्हणून मी पळतो, की आम्ही दोघेही पळणारे म्हणूनच मित्र झालो? हा गुंता त्यांनी पावसाच्या मदतीने सोडवला. दुसऱ्या शहरातल्या मित्राकडे पाऊस पडला आणि तो कमी पळाला. माझ्याकडे ऊन आहे, तरी माझं पळणं कमी झालं का? झालं. म्हणजे धावणं खरंच एकाकडून दुसऱ्याकडे जातं.

आणि कोणाकडून कोणाकडे, ते ऐका. कमी पळणाऱ्यांचा परिणाम जास्त पळणाऱ्यांवर होतो, उलट दिशेने तसा होत नाही. मागून कुणीतरी येतंय या जाणिवेने पुढचा पळतो, पण पुढच्याकडे बघून मागचा पळतोच असं नाही. शिवाय पुरुषांवर पुरुषांचा आणि स्त्रियांचा दोघांचाही परिणाम दिसला, स्त्रियांवर फक्त स्त्रियांचा.

याचा अर्थ काय लावायचा? "आमच्याकडे अमुक इतके मॅरेथॉनवीर आहेत" हे सांगून नवशिका येत नाही. त्याला त्याच्याच वेगाचा कुणीतरी लागतो. तेव्हा हजेरीच्या वहीत आणखी एक रकाना करा: "कुणाबरोबर पळलात/चाललात". नाव नसेल तर रेघ. तीन आठवडे ज्याच्यापुढे रेघच आहे तो चौथ्या आठवड्यात येणार नाही, लिहून देतो. हा रकाना अहवालासाठी नाही, त्याच आठवड्यात फोन करण्यासाठी आहे.

मुंगी

रेघवाल्यांना फोन करताना "का आला नाहीत?" असं विचारू नका हो. जाब विचारल्यासारखं वाटतं. "शनिवारी सावकाश जाणारे आम्ही दोघी-तिघी आहोत, येताय का" एवढं पुरतं.

चालपळ

हे सोनं आहे. पण पायवाट, "माणसं जोडली जातात" याचं काय? रकान्याने सोबत कळेल, जोडलं जाणं कसं कळणार?

पायवाट

तीन पातळ्यांवर बघता येईल.

पहिली, स्वतःला काय वाटतं. यासाठी तयार, तपासलेल्या प्रश्नावल्या आहेत, घरी बनवू नका. डब्ल्यूएचओ-पाच नावाची आहे: गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, शांत होतं का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकी ० ते ५, बेरीज गुणिले चार. दोन मिनिटांत होते. एका माणसात १० गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात. एकटेपणासाठी तीन प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे: सोबत नसल्यासारखं, वगळल्यासारखं, एकटं पडल्यासारखं किती वेळा वाटतं. क्वचित, कधीकधी, बरेचदा. बेरीज ३ ते ९. अधिकृत भाषांतर मिळालं तर तेच वापरा.

दुसरी पातळी, नाती. इथे भावना विचारू नका, घडलेलं विचारा. "या ग्रुपमधल्या किती जणांची नावं तुम्हाला माहीत आहेत?" "पळण्याशिवाय दुसऱ्या कामासाठी ग्रुपमधल्या कुणाला फोन केलात का?" "अडीअडचणीला कुणाला हाक मारू शकाल?" यातला दुसरा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. त्यात खोटं बोलायला जागा कमी, आणि उत्तरं वाचायला मजा येते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की नोकरीची खबर सख्ख्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून जास्त येते. ग्रुपमध्ये बनते ती बहुतेक हीच तोंडओळख. तिला कमी लेखू नका.

तिसरी, ग्रुपला परत काय मिळतं. या बॅचमधल्या किती जणांनी पुढच्या बॅचला मदत केली? नाव देऊन आलेला माणूस वर्षभरात शिट्टी वाजवायला उभा राहिला, याहून ठोस पुरावा मला माहीत नाही.

संस्थेला हे आरोग्याशी कसं जोडायचं असा प्रश्न पडला तर: २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून दाखवलंय की ज्यांचे लागेबांधे भक्कम त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. माणसं जोडणं हाही आरोग्याचाच कार्यक्रम आहे.

जुना_बूट

शिट्टीवाला मुद्दा मान्य. मी पंधरवड्याला वाजवतो. माझं नाव रकान्यात टाका.

आकडेमोड

कुणीतरी आता पैशातला फायदा काढायला सांगेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ब्रिटनच्या अर्थखात्याने २०२१ मध्ये एक रीत दिली: आयुष्याबद्दलचं समाधान ० ते १० मध्ये विचारायचं, एका माणसाचं समाधान एका वर्षासाठी एका गुणाने वाढलं तर त्याची किंमत सुमारे १३,००० पौंड (२०१९ च्या भावाने). पार्करनच्या नव्या सदस्यांवर हे लावून बघितलंय आणि खर्चाच्या कैक पटींनी फायदा निघाला. रीत चुकीची नाही. पण ० ते १० च्या पट्टीवर अर्धा गुण इकडेतिकडे झाला की लाखोंचा हिशेब हलतो, आणि तुलनेचा गट नसेल तर तो अर्धा गुण कुणाचा हेच माहीत नसतं. तुमच्या तीस जणांवर हे करू नका. उद्या संस्था बदलली तर तोच आकडा तुमच्या अंगावर येईल.

चालपळ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून एक पान तयार केलंय.

नोंदणीच्या दिवशी: आधीचा व्यायाम (पायवाट यांचा प्रश्न), मनःस्वास्थ्याचे पाच, एकटेपणाचे तीन. ठरलेला किलोमीटर पहिल्या आठवड्यात. विश्रांतीची नाडी घरी मोजून आणायची, ऐच्छिक. दर वेळी: हजेरी आणि "कुणाबरोबर". दर आठवड्याला एकच प्रश्न: दुखण्यामुळे पळणं कमी केलंत किंवा टाळलंत का, कुठे दुखतंय. नवव्या आठवड्यात सगळं पुन्हा, अधिक नात्यांचे तीन प्रश्न. सहा महिन्यांनी फोनवर दोनच प्रश्न: अजून पळता/चालता का, आणि कुणाबरोबर. सोडून गेलेल्यांनाही फोन. पाच किलोमीटरची वेळ ज्याला हवी त्याने स्वतःच्या घड्याळात बघावी, वहीत नाही.

अहवालाचं पहिलं वाक्य असं असेल: "नाव दिलेल्या इतक्यांपैकी इतके आधी जवळजवळ काहीच करत नव्हते, त्यातले इतके सहा महिन्यांनीही करत आहेत." काही राहिलं?

नाडी

दोन गोष्टी. नात्यांचे प्रश्न नोंदणीच्या दिवशीही विचारा, काही जण ओळखीनेच आलेले असतात. आणि मनःस्वास्थ्याचे कागद हजेरीच्या वहीत अजिबात नकोत. ती वही मैदानावर कुणाच्याही हातात असते. प्रत्येकाला क्रमांक द्या, प्रश्नावलीवर फक्त क्रमांक, क्रमांक-नावाची यादी एकाच माणसाकडे. कुणाचे गुण फारच कमी आले तर त्या व्यक्तीशी बाजूला बोलायचं आणि डॉक्टरकडे पाठवायचं, हे कोण करणार ते आधी ठरवा. मोजून गप्प बसणं वाईट.

पायवाट

सहा महिन्यांचा फोन हाच सगळ्यांत अवघड जाणार. तोवर तुमचा उत्साह संपलेला असतो. आत्ताच तारीख लिहा आणि फोन त्यालाच करायला द्या ज्याच्याबरोबर तो माणूस पळायचा. रकाना आहेच.

आकडेमोड

हरकत घेतो. सोबत्याने विचारलं तर माणूस "हो हो, पळतोय" म्हणणारच, भिडेपोटी. अनोळखी आवाज बरा.

मुंगी

अनोळखी आवाजाला मी फोनच उचलत नाही.

पायवाट

मग असं करा: सोबत्याने निरोप टाकायचा, उत्तर फॉर्मवर क्रमांक घालून द्यायचं. थोडी भीड उरेल, पण उत्तर तरी येईल.

चालपळ

ठरलं. नाडीताई, क्रमांक-नावाची यादी माझ्याकडे राहील, आणि बाजूला बोलायचं काम ग्रुपमधल्या एक समुपदेशक आहेत त्या करतील, विचारून ठेवलंय. नावं बरीच आली आहेत, त्यामुळे दोन बॅचही करतोय. जोडीने नाव दिलेल्यांची एकच चिठ्ठी टाकली तर चालेल ना? नवरा एका बॅचमध्ये, बायको दुसरीत असं झालं तर दोघंही यायची नाहीत.

आकडेमोड

चालेल, नव्हे तसंच करा. फक्त जोड्या चिठ्ठ्या काढायच्या आधी ठरल्या पाहिजेत, नंतर नाही.

जुना_बूट

माझ्या भावाने नाव दिलंय. त्याला दुसऱ्या बॅचमध्ये टाकता येईल का? सध्या कामात अडकलाय.

आकडेमोड

मग त्याला नाव मागे घ्यायला सांगा, आणि मोकळा झाला की पुन्हा द्यायला. यादीत राहिला तर चिठ्ठी निघेल तिथे.